आप्पांचं देणं

आमच्या घरावर आप्पांचं एक ऋण माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. ते एका बैलजोडीचं आहे.

1972 चा दुष्काळ सरल्यानंतरच्या पोळ्याची ही गोष्ट, आजीकडून ऐकलेली. त्या दुष्काळात आमच्याकडच्या बायाबापड्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, गुरं कवडीमोलानं विकली. आजोबांनी मात्र बैलजोडी विकली नाही. मिळेल तिथून कडबा आणला, नाही मिळाला तेव्हा झाडपाला ओरबाडून घातला, पण जोडी जगवली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पोळा भरला, बैलांना झुली चढल्या, तोरणाखालून ती जोडी घरी आली. आणि त्याच रात्री आजोबा पत्त्यांना बसले. विदर्भात पोळ्याच्या रात्री पत्ते खेळायची जुनी खोड आहे. तीन पत्ती चालू होती. खिशातले पैसे संपले तसे आजोबांनी बैल लावले, आणि हरले.

जिंकणारे होते आप्पा. तेव्हा विशीतले, नुकतेच घरची शेती पाहू लागलेले. सकाळी उजाडायच्या आत ते बैल हाकत आमच्या दारात आले आणि आजोबांना म्हणाले, “काका, पोळा बैलाचा असते. त्याच्या सणाले त्यालेच कोनी डावावर लावते काय?” दावं आजीच्या हातात दिलं. बदल्यात आजोबांकडून एकच कबुली घेतली, पुन्हा पैशानं खेळणार नाही अशी. आजोबांनी मरेपर्यंत ती पाळली. रब्बीची नांगरट त्या जोडीवर झाली. माझे वडील त्या वर्षीच्या पिकावर शाळेत गेले. आजी हे सगळं सांगायची तेव्हा आजोबांना दोष द्यायची नाही आणि आप्पांना देवही करायची नाही. “तो आला म्हनून आपलं घर राह्यलं,” एवढंच म्हणायची.

आप्पा नात्यानं आमचे कोणी नाहीत. त्यांच्या आणि आमच्या वावरात फक्त एक धुरा आहे. मोताळ्याहून शेतात जाताना आधी त्यांचं वावर लागतं, मग आमचं.

मोताळा हे बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरलं की घाटाखालचा मुलूख लागतो. काळी जमीन, कपाशी, मका, सोयाबीन. नळगंगेच्या धरणाचं पाणी पोचतं तिथे थोडा बागायती हिरवेपणा. जळगाव जिल्ह्याची हद्द जवळ, म्हणून बोलीत वऱ्हाडी आणि खानदेशी दोन्ही मिसळलेल्या, आणि सणही दोन्हीकडचे. पोळा विदर्भाचा, आखाजी खानदेशाची. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवसांत माहेरवाशिणी झोक्यावर असतात, घराघरांत आमरस-पुरणपोळी असते आणि पुरुष पत्त्यांना बसतात. आखाजीचे पत्ते कितीतरी घरांत सणाचाच भाग समजले जातात. कुणाचं घर त्यात तरतं आणि कुणाचं बुडतं, हे कोण कुणाच्या ओसरीवर बसला यावर ठरतं. मी आप्पांच्या ओसरीवर बसलो.

आईचा विरोध होता. बैलजोडीची गोष्ट तिला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पोळ्याला कळली होती, आणि तेव्हापासून तिनं घरात पत्त्यांचा जोड येऊ दिला नव्हता. पण आप्पांच्या ओसरीला तिनं हरकत घेतली नाही. ज्यानं बैल परत आणले त्याच्याकडे पोरगं बसलं तर चालेल, असा तिचा हिशेब असावा.

त्या ओसरीचे नियम कडक होते. पोरांनी चिंचोक्यांवर खेळायचं. मोठ्यांनी प्रत्येकी ठरलेली रक्कम बसायच्या आधी ताटात ठेवायची, संपली की उठायचं. उसनवार नाही. दारू पिऊन आलेल्याला चहा मिळायचा, पत्ते मिळायचे नाहीत. डाव मोडायची वेळ आप्पा आधीच जाहीर करत आणि ती वेळ आली की जिंकत असलेला माणूसही उठायचा. आम्ही मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात असं शिकत शिकत तीन पत्तीवर आलो. पत्ते वाटून झाले की आम्ही पोरं झडप घालून आपापले पत्ते उचलायचो. आप्पा हातावर चापट मारायचे. “पत्ते काई पयून नाई जात. आंधी समोरच्याच्या तोंडाकडे पाय.”

मग ते आम्हाला पाहायला शिकवत. कोण पत्ते पाहून लगेच चिंचोक्यांच्या ढिगाकडे नजर टाकतो. कोण पत्ते चांगले आल्यावर गप्प होतो. कोण वाईट पत्त्यांवर मोठमोठ्यानं बोलतो. माझा एक चुलतभाऊ चांगले पत्ते आले की मांडी बदलायचा. आप्पांनी ते मला कानात सांगितलं, आणि पुढे मी त्याच्यासमोर कधी उगाच चिंचोके घातले नाहीत. हे सगळं शिकवताना त्यांनी आम्हाला जिंकण्याची लालूच कधी दाखवली नाही. माणूस वाचता आला पाहिजे, बाजारात कामी येतं, असं ते म्हणत. मलकापूरच्या जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला व्यापाऱ्याचा चेहरा वाचता येणं किती कामाचं आहे, हे मला तेव्हा समजायचं नाही.

याच दिवसांत भेंडवळची घटमांडणी होते. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडून भोवती 18 धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यावरून पावसाचं, पिकांचं भाकीत सांगतात. शेकडो वर्षांची परंपरा आहे. भाकीत आमच्या जिल्ह्यातच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रात वाचलं जातं. आप्पाही ते लक्ष देऊन ऐकायचे. पण पेरणी मात्र जमिनीत बोटं खुपसून, ओल किती खोल गेली ते पाहूनच करायचे. श्रद्धेचा त्यांनी अपमान केला नाही आणि बियाण्याच्या पिशवीचा निर्णय श्रद्धेवर सोडला नाही. ही दोन कामं वेगळी ठेवणं मला आजही पुरतं जमत नाही.

दुसरं देणं गणिताच्या सरांचं आहे. अकरावीत त्यांनी क्रमचय-संचय शिकवताना वर्गात चक्क पत्त्यांचा जोड आणला. पोरं हसली. सरांनी 52 पत्ते टेबलावर पसरले आणि विचारलं, यातून 5 पत्ते किती वेगवेगळ्या प्रकारे उचलता येतील? कुणी हजार म्हणालं, कुणी लाख. सरांनी फळ्यावर मांडून काढलं: 25,98,960. मग एकाच रंगाचे दहापासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते किती वेळा? चार वेळा. म्हणजे साडेसहा लाखांत एकदा. “जो म्हणतो आज माझा दिवस आहे, त्याला हे आकडे दाखवा,” असं म्हणत त्यांनी पत्ते गोळा केले. मी आप्पांच्या ओसरीवर अनेक वर्षं बसलो होतो, पण त्या खेळाच्या पोटात इतकी शिस्तशीर मोजदाद आहे हे त्या तासाला कळलं. त्या आनंदातच मी अभियांत्रिकीला गेलो असं म्हटलं तरी चालेल.

मलकापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला गेलो. वसतिगृहात दोन वर्षं पत्त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या वर्षी वर्गातल्या मुलांनी कोथरूडला फ्लॅट भाड्यानं घेतला आणि तिथे शनिवारी रात्री टेक्सस होल्डम हा पोकरचा प्रकार सुरू झाला. सगळ्यांच्या तोंडी ख्रिस मनीमेकरचं नाव असायचं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला हा हिशेबनीस, शंभर डॉलरहूनही कमी रकमेच्या ऑनलाइन स्पर्धेतून वाट काढत 2003 मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला. त्या एका विजयानं जगभर पोकरची लाट आली असं सांगतात, आणि चौदाएक वर्षांनी ती कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते झाकलेले. मधोमध पाच पत्ते उघडे पडतात, पण एकदम नाही: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग चौथा टर्न, मग पाचवा रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, दुसऱ्यानं लावले तेवढे भरायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून द्यायचे. शेवटी सातांतले उत्तम पाच पत्ते ज्याचे, तो जिंकतो. किंवा बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले तर उरलेला एकटा जिंकतो, त्याच्या हातात काहीही असो. तीन पत्तीत तुम्हाला तुमचेच पत्ते ठाऊक असतात. इथे मधले पत्ते सगळ्यांना दिसतात, म्हणून हिशेबाला जागा मिळते. सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्त्यांचा फ्लश निव्वळ नशिबाचा, तो याच अर्थानं. पोकरबद्दल मात्र देशातल्या उच्च न्यायालयांची मतं सारखी नाहीत.

फोनवर हा खेळ मी थोडा पाहिला होता. समोरासमोर बसल्यावर तो वेगळाच निघाला. फोनवर पत्ते भराभर येतात. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, आणि त्यातल्या बहुतेकांत तुम्हाला पत्ते टाकून नुसतं बसायचं असतं. बरोबरीच्या मुलांना तो बसण्याचा वेळ खायला उठायचा. ते फोन काढत, वडापाव मागवत, कंटाळून वाईट पत्त्यांवर पैसे लावत. मला तो वेळ ओळखीचा होता. ओसरीवरच्या सवयीनं मी माझे पत्ते न उचलता आधी इतरांकडे पाहायचो. पत्ते उचलल्यावर चिप्सकडे, म्हणजे पैशांऐवजी मांडलेल्या चकत्यांकडे, नजर टाकणारा कोण, बोलायचं थांबणारा कोण, हे पहिल्या तासातच दिसू लागलं. पुढे माइक कारो या अमेरिकन लेखकाचं 1984 मधलं पुस्तक हाती आलं, ते सगळं खेळाडूंच्या हालचालींवरच आहे. त्यात एक निरीक्षण आहे: पैसे लावताना ज्याची बोटं थरथरतात तो घाबरलेला आहे असं नवख्याला वाटतं, प्रत्यक्षात बहुधा त्याच्या हातात फार चांगले पत्ते असतात. वाचताना मला चुलतभावाची मांडी आठवली.

टेबलाचे शिष्टाचारही आवडले. आपली पाळी आल्याशिवाय बोलायचं नाही. तोंडातून रक्कम गेली की ती बंधनकारक, मग हात चिप्सपर्यंत पोचलेला असो वा नसो. डावात नसलेल्यानं डावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. टाकलेले पत्ते कुणाला दाखवायचे नाहीत. पैशाच्या खेळात इतकी सभ्यता असते याचं इतरांना नवल वाटायचं.

2017 च्या दिवाळीला घरी गेलो तो बोंडअळीचा हंगाम होता. त्या वर्षी विदर्भात आणि मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरून काढली. बाहेरून बोंड धडधाकट दिसायचं, फोडलं की आत अळी आणि काळपट, चिकट सरकी. आप्पांनी त्या वर्षी सगळं रीतसर केलं होतं: बियाणं चांगलं, पेरणी वेळेवर, ओल पाहून, खत मोजून. तरी अर्ध्याहून जास्त गेलं. चावडीपाशी कुणीतरी म्हणालं, शेती म्हणजे जुगारच आहे, आप्पा. हे वाक्य आपण सगळेच सहज म्हणतो. आप्पा संतापले. मी त्यांना इतकं संतापलेलं क्वचितच पाहिलं आहे.

“जुगारातून उठता येते,” ते म्हणाले. “वावरातून कुठं उठून जाशीन? अन् कोनाले सांगशीन, की माह्या डाव झाला?”

त्या रात्री त्यांच्या ओसरीवर मी त्यांना पोकर समजावून सांगितला. दोन पत्ते, पाच पत्ते, चिप्स, सगळं. त्यांनी दोन-तीन डाव चिंचोक्यांवर माझ्याशी खेळून पाहिले आणि लगेच ओळखलं की यात पत्ते टाकणारा शहाणा. मग मी विचारलं, यंदा तुमची पेरणी चुकली का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेरनी बराबर व्हती. पुन्हा तशीच करीन.” मला वाटतं, पोकरबद्दल जितकं म्हणून शिकण्यासारखं आहे त्यातलं सर्वांत अवघड मला त्या रात्री कापसाच्या शेतकऱ्याकडून मिळालं. निर्णय बरोबर होता का, हा एक प्रश्न. फळ काय आलं, हा दुसरा. दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचं उत्तर ठरवायचं नाही. इंग्रजी पुस्तकांतून यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. पण ज्याचं अर्धं पीक अळीनं खाल्लं, त्यानं ‘पुन्हा तशीच करीन’ म्हणणं वेगळं. तिथे चिप्स नव्हत्या, वर्षभराचं घर होतं.

2018 च्या उन्हाळ्यात निकिता लूथरनं लास वेगासच्या पोकरच्या जागतिक मालिकेत जोडीच्या स्पर्धेचं विजेतेपदाचं ब्रेसलेट जिंकलं. तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आमच्या फ्लॅटवर त्या रात्री जणू आपलंच कोणी जिंकलं असा आनंद झाला, आणि मुलांनी ठरवलं: गोव्याला जायचं, खऱ्या टेबलावर बसायचं. गोव्यात 1976 च्या जुगार कायद्यात पुढे 13-अ कलम घालून आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि नंतर जहाजांवरच्या टेबलांना परवानगी दिली गेली; पणजीपुढे मांडवीत उभी असलेली कॅसिनो जहाजं त्यातूनच आली. महाराष्ट्रानंही 1976 मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही. आपल्याकडे चालतो तो 1887 चा जुगारप्रतिबंधक कायदा.

मी आधी मोताळ्याला आलो. आप्पांना विचारल्याशिवाय जायचं नाही असं मनात होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर गेलो नसतो, हे मी मनापासून लिहितो आहे. त्यांनी नको म्हटलं नाही. म्हणाले, “घरचा पैसा नाई. उसना नाई. वापसीचं तिकीट आंधी काढ. अन् मायले सांगून जाय.”

पहिल्या तीन अटी सोप्या होत्या. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, तिकीट काढता येत होतं. चौथी अवघड. आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “आप्पांना माहीत आहे?” आहे म्हटल्यावर म्हणाली, “मग जाऊन ये. पण किती घेऊन चालला ते मला सांग, आणि किती घेऊन आलास तेही सांग.” त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिला दोन्ही आकडे सांगत आलो आहे. लपवायला काही नसणं हे टेबलावर बसणाऱ्याचं केवढं बळ असतं, ते ज्याला लपवावं लागतं त्यालाच विचारावं.

मांडवीच्या धक्क्यावरून लहान बोटीनं जहाजावर नेतात. ओळखपत्र पाहतात, 21 वर्षं पूर्ण नसतील तर आत घेत नाहीत. आत दिव्यांचा आणि यंत्रांचा गदारोळ. पोकरची टेबलं त्यापासून बाजूला. इतर खेळांत तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता आणि शेवटी गणित कॅसिनोच्या बाजूचं असतं. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात; कॅसिनो प्रत्येक मोठ्या डावातून आपला ठरावीक हिस्सा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. म्हणजे सगळे सारख्या ताकदीचे बसले तर सगळेच हळूहळू हरतात. हे आमच्यातल्या फार थोड्यांनी आधी मांडून पाहिलं होतं. सर्वांत लहान टेबलावर बसायलाही लागणारी रक्कम माझ्या महिन्याच्या मेसच्या खर्चाच्या कितीतरी पट होती.

शेजारच्या खुर्चीत बेळगावचे एक व्यापारी होते, साठीचे. मी मोताळ्याचा म्हटल्यावर त्यांना गाव ठाऊक नव्हतं, पण मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला. “घाबरू नको, हळू खेळ,” म्हणाले. टेबलावर दिल्लीचे दोघं, सुरतचे एक हिरे व्यापारी, बंगळुरूचा एक संगणक अभियंता. वाटप करणारी मुलगी दार्जिलिंगकडची, तिचे हात पाहत राहावेत असे. पत्ते इतके सारखे, इतके शांत सरकत येत.

एक डाव सांगतो. माझ्याकडे इस्पिकचा गुलाम आणि दश्शी. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री. आणखी एक इस्पिक पडलं की माझे पाच इस्पिक होणार. पुढचे दोन पत्ते मिळून ती शक्यता साधारण 35 टक्के. मी पैसे भरले. टर्नला बदामची तिर्री, माझ्या कामाची नाही. मध्ये 6 हजार जमलेले. सुरतच्या व्यापाऱ्यांनी 3 हजार लावले. माझी पाळी, माझ्यामागे बंगळुरूचा मुलगा. 9 हजार जिंकायला 3 हजार भरायचे, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेले पत्ते 46, त्यांत इस्पिक 9. पाचांतही एकदा धड नाही. सरांच्या फळ्यावरचं गणित टाक म्हणत होतं. इस्पिक पडलंच तर पुढे आणखी पैसे मिळतील, हा एक मोह होता. पण मी बराच वेळ त्या व्यापाऱ्यांना पाहत होतो, तिसरा त्याच रंगाचा पत्ता पडला की ते हात आखडून घेणारे होते. आणि चिप्स पुढे सरकवताना त्यांची बोटं थरथरली होती. मी पत्ते टाकले. बंगळुरूच्या मुलानं भरले. रिव्हरला इस्पिकची नव्वी पडली. व्यापाऱ्यांकडे तीन सत्त्या निघाल्या आणि सगळी रास ते घेऊन गेले. मी थांबलो असतो तर ती माझी होती.

डाव संपल्यावर मी बेळगावच्या काकांना काय टाकलं ते सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर टाकलंस. आता त्या नव्वीकडं बघू नको.” माझ्या कानात मात्र दुसराच आवाज होता: पेरनी बराबर व्हती.

टेबलाच्या त्या टोकाला दिल्लीच्या दोघांतला एक जण पुन्हा पुन्हा चिप्स विकत घेत होता. पहिल्यांदा हसत, मग गप्प, मग फोनवर कुणाला तरी पैसे पाठवायला सांगत. त्याच्या चिप्स हळूहळू सगळ्यांकडे वाटल्या जात होत्या, थोड्या माझ्याकडेही आल्या. समोरासमोरच्या खेळात हे दिसतं. जिंकलेला पैसा कुणाच्या खिशातून येतोय, त्याचा चेहरा समोर असतो. आजोबांचा चेहरा त्या पोळ्याच्या रात्री असाच असेल, असं मला वाटून गेलं, आणि त्यांच्यासमोर विशीतले आप्पा. त्या वयात, हातात जिंकलेली बैलजोडी असताना, पहाटे उठून ती परत नेऊन द्यायला मन किती मोठं लागलं असेल, ते मला त्या टेबलावर पहिल्यांदा समजलं. तोवर ती मला आजीची एक गोष्ट होती.

ठरवलेली वेळ झाली आणि मी उठलो. आणलेल्या पैशांपेक्षा थोडे कमी उरले होते. बरोबरीची मुलं आणखी एक तास, आणखी एक तास म्हणत बसली. मला उठताना काहीच जड गेलं नाही. यात माझं कर्तृत्व नाही. लहानपणापासून जिंकत असलेल्या माणसांनाही वेळेवर उठताना पाहिलेलं होतं. घरी येऊन आईला दोन्ही आकडे सांगितले. तिनं ऐकले आणि विषय बदलला. आप्पांना सांगायला गेलो तर त्यांनी आकडा विचारलाच नाही. कोण कोण बसलं होतं, कुणाचं तोंड कसं होतं, हेच विचारत राहिले. सुरतच्या व्यापाऱ्यांच्या थरथरत्या बोटांचं ऐकून खूश झाले.

त्यानंतरही मी अधूनमधून खेळलो, बहुतेक वेळा मित्रांत, कमी पैशांवर. धंदा म्हणून कधी केला नाही. पण वसतिगृहातल्या माझ्या मागच्या तुकड्यांमध्ये हा खेळ फोनवर गेला, आणि त्याचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. फोनवर समोरचा चेहरा नाही, ताट नाही, डाव मोडायची वेळ जाहीर करणारं कोणी नाही. आमच्याच तालुक्यातली पोरं, बापाच्या पीककर्जाच्या खात्याला जोडलेल्या फोनवरून रात्री-अपरात्री पैसे लावणारी. काहींनी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून उचललं, मग ते फेडायला दुसरं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैशांवरचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. खेळाडू म्हणून मला त्यातली सरसकट बंदी पटत नाही. मोताळ्याचा माणूस म्हणून मी तिचं स्वागत केलं. ज्यांच्या वाट्याला आप्पांची ओसरी आली नाही, त्यांना अडवायला काहीतरी हवंच होतं.

आप्पा आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. कानाला कमी येतं. वावरात यंदा मका आहे, कपाशी त्यांनी कमी केली. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून बैलजोडीचे म्हणून काही पैसे त्यांच्यापुढे ठेवले होते. त्यांनी ते आईकडे नेऊन दिले.

तेव्हा हे देणं पैशात फिटणार नाही. ज्यांना माझा उपयोग होईल त्यांना हे सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या, पुण्यात-संभाजीनगरात शिकणाऱ्या पोरांनो, पोरींनो, खेळापायी डोक्यावर कर्ज झालं असेल तर आज रात्रीच घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा. घरी सांगवत नसेल तर मला येऊन सांगा, मी तुमच्यासोबत तुमच्या घरी येईन. दिवाळीत आणि आखाजीला मी मोताळ्यातच असतो.